पहिली गोळी वारा मोजायला नको

प्रेअरी डॉग या बिळात राहणाऱ्या छोट्या प्राण्यावर पाचशे यार्डांवरून (सुमारे साडेचारशे मीटर) झाडलेली पहिली गोळी बहुतेकदा लागावी म्हणून झाडलेलीच नसते. ती वारा मोजायला झाडलेली असते. शेजारी दुर्बीण लावून बसलेला सोबती धूळ कुठे उडाली ते सांगतो, नेमबाज स्कोपमधल्या, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतल्या, रेघांवर तेवढा नेम सरकवतो, दुसरी झाडतो, मग तिसरी. अमेरिकेतल्या साउथ डकोटा, वायोमिंग, मोंटाना इथल्या गवताळ पठारांवर ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे फारसे कुणाला वाटत नाही. मला वाटते. ज्या अंतरावर आपली पहिली गोळी लागते हे आधी निर्जीव लक्ष्यावर सिद्ध झाले आहे, तेवढ्याच अंतरावरून जिवंत प्राण्यावर झाडावी. वारा जोखायचा असेल तर त्यासाठी माती आहे.

या प्रकाराला अमेरिकेत व्हार्मिंट शूटिंग म्हणतात. शेतीला आणि कुरणाला उपद्रवी ठरवलेले छोटे प्राणी लांबून टिपायचे, हा त्याचा गाभा. पूर्वेकडे ग्राउंडहॉग ही जाडजूड खार, जवळजवळ सगळीकडे कायोटी हा कोल्ह्यासारखा प्राणी, आणि पश्चिमेकडच्या पठारांवर प्रेअरी डॉग. नावात डॉग असला तरी हा कुत्रा नव्हे, बिळात वसाहत करून राहणारी जमिनीवरची खार आहे. वजन किलोभराच्या आसपास. मागच्या पायांवर उभी राहिली की धडाची रुंदी जेमतेम ८ ते १० सेंमी. एका वसाहतीत शेकडो बिळे असतात, समोर आडोसा नसतो, माणूस बसल्या जागेवरून दिवसभरात शेकडो गोळ्या झाडू शकतो. लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा सराव म्हणून या खेळाला जी प्रतिष्ठा मिळाली ती यामुळेच. खेळाडू आपल्या कौशल्याविषयी मनापासून बोलतात आणि त्यात खोटे काही नाही. उन्हात लहरणाऱ्या हवेतून ८ सेंमीच्या लक्ष्यावर गोळी बसवणे खरोखर अवघड आहे. आक्षेप त्या अवघडपणाला नाही. ते अवघड काम शिकताना ज्या चुका होणारच, त्या कुणाच्या अंगावर होतात याला आहे.

आधी रायफलचा हिशेब पाहू, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. बंदुकीच्या दुनियेत अचूकता कोनाच्या मिनिटात, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात, मोजतात. एक मिनिट म्हणजे १०० यार्डांवर सुमारे २.७ सेंमी, ३०० यार्डांवर ८ सेंमी, ५०० यार्डांवर १३ सेंमी. तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही एका मिनिटाच्या वर्तुळात बसल्या, की "माझी रायफल एका मिनिटाची आहे" असे सांगायला माणूस मोकळा होतो. पण तीन गोळ्यांचा गट फसवा असतो. त्याच रायफलने त्याच काडतुसांनी दहा गोळ्या झाडल्या तर गटाची रुंदी सरासरी १.६ पट होते. रायफल बिघडलेली नसते. गोळ्यांचा विखुरलेपणा मुळात तेवढाच असतो, तीन गोळ्यांत तो पूर्ण दिसत नाही इतकेच. त्यातून तीनपैकी सर्वांत छान जमलेला गट खिशात ठेवायचा आणि बाकीचे विसरायचे, ही सवय जडली की आकडा आणखी खोटा होतो.

आता ८ सेंमी व्यासाची चकती समोर धरा. वारा शून्य, अंतर अचूक माहीत, नेम निर्दोष, असे सगळे गृहीत धरा. ज्या रायफलचा दहा गोळ्यांचा गट सरासरी एक मिनिटाचा आहे, ती २०० यार्डांवर या चकतीवर शंभरात ९८ गोळ्या बसवेल. ३०० यार्डांवर ८४, ४०० वर ६४, आणि ५०० यार्डांवर ४८. म्हणजे चांगली म्हणावी अशी रायफल, माणसाची एकही चूक नसताना, पाचशे यार्डांवर निम्म्याहून जास्त वेळा चुकते. आणि ज्याचा "एक मिनिट" तीन गोळ्यांच्या गटावरून आलेला आहे त्याची ३०० यार्डांवरच शंभरातली ५२ वर गाठ पडते. पाचशेवर त्याच्या वाट्याला २३ येतात. दहा गोळ्यांत अर्धा मिनिट राखणारी जड नळीची, हाताने भरलेल्या काडतुसांवर जोपासलेली रायफल असेल तर पाचशेवरही ९३ मिळतात. अशा रायफली असतात. पण त्या मालकांनाही पुढचा हिशेब चुकत नाही.

तो हिशेब वाऱ्याचा. .२२३ रेमिंग्टन या काडतुसाची ५५ ग्रेनची (सुमारे साडेतीन ग्रॅमची) साधी व्हार्मिंट गोळी घ्या. नळीतून ती सेकंदाला ३२४० फूट वेगाने निघते. ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला २०० यार्डांवर सुमारे ११ सेंमी, ३०० वर २७, ४०० वर ५२ आणि ५०० वर ८८ सेंमी सरकवतो. अंतर अडीचपट झाले की सरक आठपट होते, हे ध्यानात घ्या. गोळी जसजशी वेग गमावते तसतसा वारा तिच्यावर जास्त चढतो. अनुभवी माणूस वारा ओळखून तेवढी भरपाई करतो हे खरे. प्रश्न भरपाईतल्या चुकीचा आहे. ताशी २ मैलांची चूक धरा. दहाचा वारा बाराचा निघाला, एवढेच. २०० यार्डांवर ही चूक २.३ सेंमीची होते, म्हणजे गोळी चकतीतच राहते. ३०० वर साडेपाच सेंमी, म्हणजे गटाचा मध्यच चकतीबाहेर. ४०० वर साडेदहा, ५०० वर साडेसतरा. प्रेअरी डॉगच्या पूर्ण रुंदीच्या दुप्पट.

.२२-२५० या मोठ्या काडतुसातून हीच गोळी ३६८० फुटांनी निघते तेव्हा ३०० यार्डांवरची चूक साडेपाचऐवजी पावणेपाच सेंमी होते. फरक पडतो, पण नळी लवकर झिजवून आणि जास्त दारू जाळून मिळवलेला फरक एवढाच. ६ मिमीची १०५ ग्रेनची लांब, निमुळती गोळी २९५० फुटांनी झाडली तर चित्र बरेच सुधारते. दहा मैलांच्या वाऱ्यात ती ५०० यार्डांवर ४० सेंमी सरकते. तरीही दोन मैलांच्या चुकीला ८ सेंमी मोजावे लागतात, आणि चकतीच्या मध्यापासून काठापर्यंत ४ सेंमीच आहेत. या गोळीला ३५० यार्डांच्या आसपास मर्यादा येते, .२२३ ला अडीचशेच्या आसपास. रायफलीच्या जाहिरातीत छापलेल्या अंतराशी या आकड्यांचे नाते नाही.

दोन मैलांची चूक म्हणजे निष्काळजीपणा असे कुणी समजू नये. उघड्या पठारावर ती चांगल्या नेमबाजाची रोजची चूक आहे. चेहऱ्यावर जेमतेम जाणवणारा वारा ताशी ३ ते ५ मैलांचा, पाने सतत हलवणारा ५ ते ८ चा, धूळ आणि कागद उडवणारा ८ ते १२ चा, अशी जुनी मोजपट्टी आहे. तिच्या प्रत्येक पायरीतच दोन ते चार मैलांचा पसारा आहे. हातातले पवनमापक फक्त आपल्या बाकाजवळचा वारा सांगते. मध्ये ओढ्याची घळ असेल, टेकाडाचा खांदा असेल, तर तिथला वारा वेगळा. त्या वाऱ्याची खूण मृगजळातच मिळते. निरीक्षणाच्या दुर्बिणीचा फोकस लक्ष्याच्या किंचित अलीकडे आणला की हवेच्या लहरी स्पष्ट दिसतात. त्या सरळ वर उकळल्यासारख्या दिसल्या तर आडवा वारा जवळजवळ नाही, किंवा तो गोळीच्या वाटेनेच वाहतो आहे. कलू लागल्या की आडवा वारा आहे. ताशी बारा मैलांच्या पुढे लहरी आडव्या होऊन पसरतात आणि मग बाराचा की पंधराचा हे त्यांतून कळत नाही. नेमके तेव्हाच ते कळण्याची गरज सर्वांत मोठी असते.

उभ्या दिशेची चूक मात्र आता बरीच आवाक्यात आली आहे. लेझर अंतरमापक अंतर सांगतो, गणकयंत्र भरपाई सांगते, स्कोपवरचे बटण फिरवायचे. तिथे फसवतो तो काडतुसांतल्या वेगाचा फरक. एकाच खोक्यातल्या दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला ६० फुटांचा फरक असला तर .२२३ ची गोळी पाचशे यार्डांवर ६ सेंमी वर किंवा खाली पडते. तीनशेच्या आत हा फरक फारसा बोचत नाही, त्यापुढे बोचतो.

यावर नेहमी येणारे उत्तर असे: लक्ष्य इतके छोटे आहे की चुकलेली गोळी पूर्ण चुकते, प्राणी जखमी होत नाही. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. जवळच्या अंतरावर हलक्या, पातळ जॅकेटच्या (धातूच्या आवरणाच्या) गोळीचा वेग इतका असतो की काठावर लागली तरी प्राणी जागीच संपतो. पण हा युक्तिवाद जिथे वापरला जातो तिथेच तो टिकत नाही. नळीजवळ ३२४० फूट वेग असलेली ती गोळी पाचशे यार्डांवर १६०० वर येते, तिची ऊर्जा एक चतुर्थांश उरते. एवढ्या वेगात पातळ जॅकेटची गोळीसुद्धा नीट फुटेलच असे नाही. काठावर लागलेली गोळी मग आरपार भोक पाडते किंवा पाय मोडते. जखमी प्रेअरी डॉग बिळात शिरतो आणि बीळ एक-दोन मीटर खोल असू शकते. हरणाचा माग काढता येतो, दुसरी गोळी झाडून त्याचे हाल संपवता येतात. इथे ते शक्यच नाही. किती प्राणी असे बिळात जाऊन मेले हे कुणी मोजत नाही, कारण ते मोजता येत नाही. म्हणून "जखमी होत नाहीत" असे छातीठोक सांगणाऱ्याकडे पुरावा नसतो, धूळ उडालेली पाहिल्याची आठवण असते.

दुसरे उत्तर उपद्रवाचे. कुरणातले गवत ही जनावरे खातात, ती कमी करायचीच आहेत, मग कशी मेली याने काय फरक पडतो? पशुपालकाची तक्रार खोटी नाही. पण वसाहत खरोखर नाहीशी करायची असते तेव्हा तो झिंक फॉस्फाइड हे विष लावलेले ओट टाकतो. पाचशे यार्डांवरून रायफल चालवणाऱ्याची वाट पाहत बसत नाही. लांब पल्ल्याची गोळीबारी हे मुळात कौशल्याचे सुख आहे आणि ते तसेच मान्य करावे. सुखासाठी करायचे असेल तर हाल न होतील इतके जवळून करण्याची जबाबदारी जास्तच येते. त्यात या प्राण्याची वसाहत म्हणजे इतरांचे घरही आहे. काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा शिकारी प्राणी जवळजवळ पूर्णपणे प्रेअरी डॉगवर जगतो. नामशेष झाला असे मानले गेलेला हा प्राणी १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीत्सीजवळ पुन्हा सापडला, आणि आज जगात असलेले जवळजवळ सगळे फेरेट त्यानंतर पकडलेल्या १८ जनावरांपैकी सातांच्या वंशातून आले आहेत. बिळातली घुबडेही त्याच सोडलेल्या बिळांत राहतात.

वसाहतीवर जगणाऱ्यांचा विषय निघाला की गोळीतल्या शिशाचा विषय टाळता येत नाही. मारलेला प्रेअरी डॉग सहसा जागीच पडून राहतो. ससाणे, गरुड, बाज तो खातात. फुटण्यासाठी बनवलेल्या शिशाच्या गोळीने मारलेल्या प्रेअरी डॉगपैकी ८७ टक्के प्राण्यांत शिशाचे कण आढळले, न फुटणाऱ्या गोळीने मारलेल्यांत ७ टक्क्यांत, असा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला वायोमिंगमधल्या वसाहतींचा अभ्यास आहे. कण धुळीएवढे बारीक असतात, पक्ष्याच्या जठरातल्या आम्लात ते विरघळतात. तांब्याच्या किंवा तांबे-कथलाच्या भुकटीच्या शिसेमुक्त गोळ्या बाजारात आहेत आणि जवळून त्या उत्तम चालतात. त्यांच्याविरुद्धचा खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो माझ्या बाजूने जातो. शिशाहून हलक्या धातूची गोळी त्याच लांबीत कमी वजनाची होते, वारा तिला जास्त ढकलतो. ३६ ग्रेनची अशी गोळी ३७५० फुटांनी निघूनही ३०० यार्डांवर ५५ ग्रेनच्या शिशाच्या गोळीच्या दीडपटीहून जास्त सरकते. "मग दोनशेच्या पुढे झाडता येणार नाही," अशी तक्रार होते. बरोबर आहे. दोनशेच्या आत झाडावी. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद केल्या, त्यात उपद्रवी ठरवलेले प्राणीही आले. बाकी राज्यांनी निदान सार्वजनिक कुरणांवर तरी हे करायला हरकत नसावी.

अंतराचा मात्र कायदा करावा असे मी म्हणत नाही. कोणता रक्षक कुणाच्या मागे अंतरमापक घेऊन बसणार? कायद्याने काय जमते आणि काय नाही याची उदाहरणे समोर आहेत. आयडाहो राज्यात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी स्कोप-पट्ट्यासकट १६ पौंडांहून जड रायफल चालत नाही. बाकाला जखडून लांबून झाडण्याला तो एक अप्रत्यक्ष लगाम आहे. प्रेअरी डॉगला तो लागू नाही. कोलोरॅडोत सार्वजनिक जमिनीवर १ मार्च ते १४ जून हा काळ बंद असतो, कारण पिल्ले त्याच दिवसांत बिळात वाढतात आणि बाहेर येऊ लागतात. हा नियम सहज तपासता येतो, म्हणून तो चालतो. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लब या शिकाऱ्यांच्या संस्थेने मोठ्या प्राण्यांच्या लांब पल्ल्याच्या शिकारीवर जाहीर आक्षेप घेतला आहे. त्यांचे म्हणणे असे की इतक्या लांबून प्राण्याला आपली इंद्रिये वापरायची संधीच उरत नाही. मला तो मुद्दा इथे तितकासा लागू वाटत नाही. प्रेअरी डॉगला दोनशे यार्डांवरचा माणूस दिसतो, ओरडून तो सगळ्या वसाहतीला सांगतोही. माझा मुद्दा त्याहून साधा आहे: गोळी लागणार की नाही हे झाडणाऱ्यालाच माहीत नसते.

ते माहीत करून घेण्याची रीत अवघड नाही, फक्त तिच्यात फुशारकीला जागा नाही. ८ सेंमीच्या वीस चकत्या, प्रत्येकीवर एकच गोळी. आधी चाचणीची गोळी नाही. सगळ्या एका बैठकीत झाडायच्या नाहीत. काही सकाळी थंड नळीने, काही दुपारी मृगजळ उसळलेले असताना, काही वेगळ्या दिवशी वेगळ्या वाऱ्यात. बैठक पठारावर जशी असेल तशीच: बायपॉड, म्हणजे पुढचा दोन पायांचा टेकू, आणि मागे वाळूची पिशवी, किंवा जो बाक नेणार असाल तोच बाक. पुढे भक्कम स्टँड आणि हाताने दाबून धरलेली पिशवी यांत गोळी वेगळ्या जागी पडू शकते, म्हणून सराव एकीकडे आणि शिकार दुसरीकडे असे चालत नाही. स्कोपचे पॅरॅलॅक्स त्या अंतराला जुळवून घ्या. डोके किंचित हलवले तरी नेमाची रेघ लक्ष्यावरून हलता कामा नये. वीसपैकी अठरा लागल्या तर ते अंतर तुमचे. सतरा लागल्या तर पन्नास यार्ड अलीकडे या आणि पुन्हा वीस. दहात नऊ पुरत नाहीत का, असे विचारतात. पुरत नाहीत. शंभरात सत्तरच लागणाऱ्या नेमबाजालाही दहात नऊ अधूनमधून मिळून जातात.

सिद्ध झालेले अंतर त्या दिवसापुरते कमी होऊ शकते, वाढू शकत नाही. सलग वीस-पंचवीस गोळ्या झाडल्या की नळी तापते. नळीवरून उठणारी गरम हवा स्कोपसमोर लहरते आणि लक्ष्य जिथे नाही तिथे दिसते. शिवाय तापलेल्या पातळ नळीची गोळी पडण्याची जागा बदलते. हाताने धरवत नाही इतकी नळी तापली की थांबावे. जाणते नेमबाज म्हणूनच दोन-तीन रायफली आळीपाळीने वापरतात. यात नळीचा गळा, म्हणजे काडतुसाच्या लगेच पुढचा भाग, तोही वाचतो. .२२-२५० सारख्या तापट काडतुसाने भराभर झाडत राहिले तर गळा दोन-तीन हजार गोळ्यांतच झिजतो आणि मग गट हळूहळू पसरू लागतो. ते पसरणे इतके संथ असते की चकत्यांच्या जुन्या निकालाच्या कार्डावर विसंबणाऱ्याला कळतही नाही. पाचशे-सहाशे गोळ्यांनंतर चकत्यांची परीक्षा पुन्हा द्यावी.

वारा जोखायची गोळी मातीवर झाडायची म्हणजे काय, तेही स्पष्ट हवे. त्याच अंतरावर, त्याच दिशेला, प्राणी नसलेला मातीचा उघडा चढ शोधायचा. मागे टेकाड हवेच. सपाट पठारावर तिरप्या कोनात जमिनीला लागलेली गोळी उसळून कुरणातल्या गाईंपर्यंत किंवा रस्त्यापर्यंत जाऊ शकते. व्हार्मिंट गोळी जमिनीवर फुटून जाते हे बहुतेकदा खरे असले तरी कठीण खडकावर आणि कमी वेगात त्यावर भरवसा ठेवू नये. मातीवर एक गोळी, धूळ पाहिली, भरपाई ठरवली, आणि मग त्याच झुळुकीत लगेच प्राण्यावर. पाच मिनिटे गेली की ती भरपाई शिळी झाली असे समजावे.

हे सगळे कोण पाळायला लावणार? ज्यांच्या जमिनीवर ही नेमबाजी चालते ते पशुपालक, आणि पैसे घेऊन पाहुण्यांना वसाहतीवर नेणारे मार्गदर्शक. त्यांच्या हातात फाटकाची किल्ली आहे, राज्याच्या वन्यजीव खात्यापेक्षा त्यांचा शब्द लवकर चालतो. पाहुणा आला की गाडीतून बंदुका उतरवण्याआधी वीस चकत्यांचे कार्ड मागावे. कार्ड नसेल तर पहिला तास कागदावर घालवायला लावावा आणि जे अंतर निघेल तिथे बाक मांडावा. वसाहतीत त्या अंतरावर खुंट्या ठोकून रंगीत फडके बांधले की अंतरमापकाचीही गरज नाही. फडके वाऱ्याचा अंदाजही देते. खुंटीच्या पलीकडच्या उंच कड्यावर पाहुण्यांसाठी लोखंडी पाट्या टांगाव्यात, मागे मातीचा बांध घालून. पाचशे, सातशे, हजार यार्ड, हवे तेवढे. पाटीवर पहिली चुकली, दुसरी चुकली, चौथी टणत्कार करून लागली, तर तो आनंद निर्मळ आहे आणि तो मिळवण्यासाठी चार तास बसले तरी कुणाचे काही बिघडत नाही.